बाटली सुटते, पण आधी आपल्याकडून: बाळाला फुलपात्रानं प्यायला आणि हातानं खायला शिकवताना

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्ही सांगलीत गावभागात राहायचो. मोठा मुलगा चौदा महिन्यांचा होता. पाणी दाराच्या पायरीला लागलं तसं निघालो. कागदपत्रं घेतली, दागिने घेतले, आत्यांच्या, म्हणजे सासूबाईंच्या, बीपीच्या गोळ्या घेतल्या (आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात). विश्रामबागला नणंदेच्या घरी पोचल्यावर मोठ्यानं भोकाड पसरलं आणि कळलं, दुधाची बाटली घरीच राहिली. दुकानं बंद, नळाला पाणी नाही, टँकरचं पाणी उकळून वापरायचं. नणंदेनं शांतपणे एक छोटं स्टीलचं फुलपात्र पुढं केलं.

पहिल्या दिवशी निम्मं दूध झबल्यावर गेलं. तिसऱ्या दिवशी गडी दोन्ही हातांनी फुलपात्र धरून प्यायला लागला. असे नऊ दिवस गेले. मग आम्ही घरी परतलो, चिखल काढायला लागलो, आणि पहिलं दुकान उघडलं तशी मी नवी बाटली आणली. त्यानं मागितली नव्हती. मला दोन्ही हात मोकळे हवे होते. ती बाटली सुटायला पुढं जवळजवळ दीड वर्ष गेलं आणि तोवर त्याचे वरचे चार दात किडले होते.

धाकटी २०२२ ची. तिच्या वेळी मी शहाणी झाले होते. तेव्हा काय केलं, काय चुकलं, बालरोगतज्ज्ञांनी आणि आमच्या अंगणवाडीताईंनी काय सांगितलं, ते सगळं इथं क्रमानं मांडते. बाळ फक्त अंगावर पीत असेल तर बाटलीचा भाग सोडून द्या. त्या बाळाला मधे बाटली आणायचीच नाही, सहा महिन्यांनंतर थेट फुलपात्र द्यायचं. अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत किंवा त्याही पुढं चालू ठेवता येतं, त्याचा इथं काही वाद नाही.

घाई कुणाला, उशीर कुणाला

सहाव्या महिन्यापासून फुलपात्राची ओळख, नवव्या महिन्याच्या पुढं एकेक बाटली कमी, आणि वर्ष ते सव्वा वर्षात बाटली बंद. दीड वर्ष ही शेवटची हद्द समजा. त्यानंतर बाटली ही भूक राहत नाही, सवय होते. सवय मोडायला भुकेपेक्षा जास्त रडारड लागते.

बाटली वाईट का, हे घरातल्या मोठ्यांना पटवावं लागतं म्हणून तीन कारणं तयार ठेवा. एक, दात. झोपेत तोंडात बाटली राहिली की दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचतं. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळं ते धुतलं जात नाही. खालच्या दातांवर जीभ असते म्हणून ते बहुधा वाचतात. हिरडीलगत पांढरी रेघ दिसायला लागली की कीड सुरू झालीय असं समजा. मोठ्याची ती रेघ मी दुधाचा डाग समजून पुसत बसले होते. दुसरं, रक्त. बाटलीनं मूल दिवसाला लिटरभर दूध सहज पितं, पोट भरतं, मग भाकरी-डाळ खात नाही. दुधात लोह जवळजवळ नसतंच. अंगानं गुबगुबीत आणि रक्तानं कमी अशी मुलं यातूनच तयार होतात. तिसरं, स्वच्छता. बुचाची (निपलची) भोकं, बाटलीचे कोपरे, आट्यांमधली साय, हे सगळं रोज उकळून साफ ठेवणं अवघड, आणि हगवण तिथूनच येते. फुलपात्र साबणानं घासलं, स्वच्छ पाण्यानं विसळलं की झालं. पुरात, गॅस संपल्यावर, एसटीच्या प्रवासात याची किंमत कळते.

बाटलीची जाहिरात टीव्हीवर का दिसत नाही, याचा विचार केलाय कधी? १९९२ च्या कायद्यानं दुधाच्या बाटल्यांची आणि लहान बाळांच्या डब्याच्या दुधाची जाहिरात करायला आपल्याकडे बंदी आहे. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. हे सांगितल्यावर आमच्या आत्या पहिल्यांदा गप्प बसल्या.

भांडी: बहुतेक घरातच आहेत

उष्टावणाला मामानं दिलेली चांदीची वाटी, चमचा, छोटा पेला आठवतोय? सहाव्या-सातव्या महिन्यात त्यातून खीर चाटवली, फोटो काढले आणि ते सगळं कपाटात गेलं. काढा बाहेर. त्याच कामासाठी ते दिलेलं असतं.

चांदीचं नसेल तर स्टीलचं सगळ्यात लहान फुलपात्र घ्या. काठ गुळगुळीत आणि किंचित बाहेर वळलेला हवा, म्हणजे तो खालच्या ओठावर नीट टेकतो. फार खोल नको, कारण तळाशी गेलेलं दूध पिताना बाळाला मान मागं टाकावी लागते. अगदी सुरुवातीला औषधाच्या बाटलीवरचं मापाचं झाकणसुद्धा चालतं, गरम पाण्यानं स्वच्छ धुतलेलं. काच नको.

बोंडलं, म्हणजे तान्ह्या बाळाला दूध पाजायचं चोचीचं छोटं भांडं, ज्यांच्या घरी आहे त्यांनी सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध द्यायची वेळ आली तर तेच वापरावं. कमी दिवसांच्या बाळांना दवाखान्यातही तसल्याच भांड्यानं दूध देतात. पण बोंडल्यानं दूध आपण ओततो. सहा महिन्यांनंतर बाळानं स्वतः ओढून प्यावं असं हवं, म्हणून तिथून फुलपात्रावर या.

सिपरबद्दल माझं मत चांगलं नाही. कडक तोटीचा, न सांडणारा सिपर म्हणजे दुसऱ्या कपड्यातली बाटलीच. चोखायची क्रिया तीच, आणि न सांडणारी वस्तू मूल दिवसभर हातात घेऊन हिंडतं, दिवसभर गोड दूध दातांवर. प्रवासात सांडायची भीती असेल तर नळीचा कप घ्या, तो बरा. नऊ-दहा महिन्यांनंतर बहुतेक बाळं नळीनं ओढायला शिकतात. घरात मात्र उघडं फुलपात्रच.

पहिली पायरी: पाण्याचा घोट

सहा महिने पुरे होईपर्यंत पाणी नाही. सांगलीच्या एप्रिलात पारा चाळिशीला टेकतो आणि शेजारची प्रत्येक बाई म्हणते, "दोन चमचे पाणी पाज की गं, घसा वाळलाय लेकराचा." द्यायचं नाही. दुधातलं पाणी त्याला पुरतं. बाळ सहा महिन्यांचं झालं, आधारानं बसायला लागलं, मान पक्की झाली, चमचा दिसला की तोंड उघडायला लागलं, की जेवणाबरोबर उकळून गार केलेल्या पाण्याचे घोट सुरू करा.

बाळाला मांडीवर सरळ बसवा, पाठ आपल्या पोटाला टेकलेली. फुलपात्रात दोनच चमचे पाणी. काठ खालच्या ओठावर हलकेच टेकवा आणि पाणी वरच्या ओठाला लागेल इतकंच कलतं करा. आता थांबा. इथं सगळ्यांचं चुकतं. आपल्याला वाटतं ओतावं. ओतायचं नाही. बाळ आधी जिभेनं चाटेल, मग ओठ पुढं काढेल, मग एक घोट आत जाईल आणि अर्धा बाहेर येईल. गिळून झालं की ते पुन्हा पुढं येतं. न येता तोंड वळवलं तर त्या वेळचं संपलं.

पहिले पंधरा दिवस दिवसातून दोनदा, दोन-तीन मिनिटं. गळ्यात सुती लाळेरं, खाली आत्यांचं जुनं लुगडं. पाणीच असल्यानं सांडलं तरी चिकट होत नाही आणि मुंग्या लागत नाहीत. पाणी जमलं की त्याच फुलपात्रात काढलेलं आईचं दूध किंवा बाळ पीत असेल ते डब्याचं दूध थोडं थोडं द्या. या वयात दूध हेच मुख्य अन्न आहे, म्हणून फुलपात्रात उरलेलं चमच्यानं पुरं करा. एकदा तोंड लागलेलं डब्याचं दूध तासाभरापेक्षा जास्त ठेवायचं नाही, टाकून द्यायचं. गाई-म्हशीचं दूध मुख्य पेय म्हणून वर्ष झाल्यावरच. त्याआधी जेवणात घरचं दही चालतं.

दुसरी पायरी: बाटल्या एकेक करून

सगळ्या बाटल्या एका दिवसात बंद करणारे लोक आहेत. काही मुलांना ते मानवतंही. पुरात आमच्या मोठ्याला मानवलं होतंच. पण तिथं घरच नवं होतं, सवयीची खाट नव्हती, वेळापत्रक नव्हतं. रोजच्या घरात मूल ठरल्या वेळी ठरल्या जागी बाटली शोधतं. त्यामुळं सावकाशीचा रस्ता धरा.

आधी दोन दिवस नुसतं लिहून काढा: किती वाजता, किती मिली, आणि का दिली. 'का' चा रकाना महत्त्वाचा. धाकटीला वर्षाची असताना पाच बाटल्या होत्या. कागदावर उतरवल्यावर दिसलं की त्यातली सकाळी अकराची मला कुकर लावायचा असायचा म्हणून, आणि संध्याकाळी सहाची आजोबांना बातम्या बघायच्या असायच्या म्हणून. भुकेच्या बाटल्या तीनच होत्या.

पहिली काढायची ती अशीच बिनभुकेची, दिवसाची. त्या वेळी जेवणाच्या ताटाजवळ फुलपात्रात दूध, किंवा दुधाऐवजी थेट खाणंच. चार ते सात दिवस तसंच ठेवा. मूल रुळलं की दुसरी. मग दुपारची झोपायच्या आधीची, मग सकाळी उठल्याची. रात्रीची सगळ्यात शेवटी. पाच बाटल्यांना साधारण पाच-सहा आठवडे लागतात. ज्या वेळची बाटली काढली त्या वेळी ती परत द्यायची नाही. सर्दी झाली, लसीनं ताप आला, तर पुढची काढायचं थांबवा. काढलेली मात्र परत नको.

बाटली नजरेआड हवी. ओट्यावर वाळत ठेवलेली बाटली दिसली की मूल मागणारच. आमच्याकडे ती पिठाच्या डब्यामागं गेली. फुलपात्र मात्र दिसेल असं, त्याच्या हाताला लागेल असं ठेवा. धाकटीला ते तव्यावर वाजवायला दिलं होतं. डोकं उठलं, पण आठवड्यात ते 'तिचं' झालं.

दूध कमी जातंय म्हणून जीव खाली-वर होईल. वर्षाच्या पुढच्या मुलाला दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध नकोच. काही दिवस त्यानं फुलपात्रातलं दूध तोंडातच घेतलं नाही तर दही द्या, बिनमिठाचं ताक द्या, नाचणी दुधात शिजवा, शाळूची भाकरी दुधात कुस्करा. दूध पोटात गेल्याशी कारण, कशातून गेलं याला महत्त्व नाही. फक्त ते प्यावं म्हणून साखर, गूळ किंवा चॉकलेटची पावडर घालू नका. ती सवय बाटलीपेक्षा वाईट. दोन वर्षांच्या आत गोड घालायचंच नाही, आणि गूळही गोडच.

रात्रीची बाटली

ही खरी लढाई, आणि ती आपल्याशीच असते. दिवसभर बँकेत हिशेब करून आल्यावर रात्री दहाला रडणारं मूल आणि पिठाच्या डब्यामागची बाटली यांच्यात फक्त आपण उभे असतो. आत्या दारात येऊन म्हणायच्या, "दे की गं एकदा, कशाला रडवतीस?" मोठ्याच्या वेळी मी तीनदा दिली. दर वेळी पुढचं रडणं आधीपेक्षा लांबलं, कारण रडलं की मिळतं हे त्याला पक्कं कळलं होतं.

धाकटीच्या वेळी आधी दूध आणि झोप यांची ताटातूट केली. दूध स्वयंपाकघरात, दिवा लावलेला असताना, फुलपात्रानं. मग दात घासणं: तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, मऊ ब्रश. मग झोपायची खोली, दिवा बारीक, आजीची गोधडी, थोपटणं आणि तेच एक गाणं. हा क्रम आठवडाभर बाटली असतानाच सुरू केला, म्हणजे दूध फुलपात्रातलं आणि नंतर बाटली थोडीशीच. मग दर दोन-तीन रात्रींनी बाटलीतलं दूध ३० मिलीनं कमी. १५० वरून सुरुवात केली होती, दोन आठवड्यांत ३० वर आलो. शेवटच्या ३० च्या वेळी ती स्वतःच बाटली फेकून गोधडीत तोंड खुपसून झोपली.

काही जण दुधात रोज थोडं पाणी वाढवत नेतात. वर्षाच्या पुढच्या, नीट जेवणाऱ्या मुलाच्या बाबतीत ते चालतं. वर्षाच्या आतल्या बाळाचं डब्याचं दूध कधीही पातळ करायचं नाही. मापाबाहेर पाणी घातलेलं दूध त्या वयाला धोक्याचं असतं.

मधे रात्री उठून मागितलं तर पाणी, तेही फुलपात्रानं. पहिल्या तीन रात्री कठीण जातात. त्या तीन रात्री थोपटायला बाबा जाऊ देत. आईच्या अंगाला दुधाचा वास असतो, मूल तिच्याजवळ दूधच आठवतं. आमच्याकडे हे काम आजोबांनी केलं, बातम्या सोडून. या रात्री निवडताना शनिवार-रविवार बघा. लग्नसराई, माहेरी मुक्काम, घरात गणपती, दाढ येतेय, असले दिवस टाळा.

हातानं खाणं

प्यायचं आणि खायचं शिकवणं एकाच वेळी चालू राहतं, म्हणून हे खरं तर सहाव्या महिन्यापासूनच सुरू करायचं. आम्ही मोठ्याला अडीच वर्षांपर्यंत भरवत होतो, मोबाईल समोर धरून. तो जेवायचा, पण काय जेवतोय हे त्याला माहीत नसायचं. घास आला की तोंड उघडायचं.

बसायला उंच खुर्ची पाहिजेच असं नाही. भिंतीला टेकवून पाट, पुढं ताटली, पाय जमिनीला लागलेले. घरची माणसं जेवत असतील तेव्हा त्यांच्या पंगतीत. मोबाईल आणि टीव्ही बंद, आजोबांचासुद्धा.

सहा-सात महिन्यांचं बाळ मुठीत धरतं. त्याला मुठीबाहेर टोक राहील असे लांब तुकडे हवेत: वाफवलेलं गाजर, रताळं, लाल भोपळा, पिकलेलं केळं. दोन बोटांत दाबलं की चेपलं पाहिजे, ही कसोटी. आठ ते दहा महिन्यांत अंगठा आणि तर्जनी जुळते, चिमूट येते. मग मऊ भाताचे शितं-गोळे, इडलीचे तुकडे, उकडलेल्या अंड्याचे बारीक तुकडे, मऊ थालीपिठाचे लहान तुकडे. वर्षाच्या आसपास चमचा हातात द्या. दोन चमच्यांची युक्ती करा: एक त्याच्या हातात, एक आपल्या. तो स्वतःचा चमचा उलटा करून आणतो तोवर आपण एक घास द्यायचा. चमच्याला धरून राहील असं घट्ट काहीतरी हवं, दहीभात, घोटलेली खिचडी, घट्ट शिजवलेलं नाचणीचं सत्त्व. वरणानं सुरुवात केली तर चमचा तोंडापर्यंत रिकामाच पोचतो आणि पोरगं चिडतं. चमच्यानं नीट खायला दीड-दोन वर्षं उजाडतात. त्याआधी हात आहेत की, आपणही हातानंच जेवतो.

डावा हात पुढं आला तर मागं ओढू नका. कोणता हात हे मुलाचं सावकाश ठरतं. आमच्या धाकटीचा डावाच आहे, आणि पंगतीत तिच्या डावीकडं बसणाऱ्याला ती कोपरानं ढोसते, एवढीच अडचण.

किती खायला हवं याचा अंदाज: सहा ते आठ महिन्यांत दिवसाला दोन-तीन वेळा, दोन-तीन मोठ्या चमच्यांपासून वाढवत १२५ मिलीच्या वाटीभर. नऊ ते अकरा महिन्यांत तेवढंच, पण तीन-चार वेळा. वर्षानंतर तीन-चार जेवणं, प्रत्येकी तसल्या दीड ते दोन वाट्या, आणि मधे एक-दोनदा काहीतरी खायला. हे अन्न दाटसर हवं, वर तूप किंवा तेल. नुसतं डाळीचं वरचं पाणी म्हणजे पोट भरून उपाशी ठेवणं. लोहासाठी मुगाची डाळ, पालेभाजी, अंडं, आणि खात असाल तर अळणीत, म्हणजे बिनमसाल्याच्या रश्श्यात, शिजवलेला मऊ खिमा. वर लिंबाचे दोन थेंब, म्हणजे डाळी-भाजीतलं लोह अंगी लागतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आशाताई लोहाचं औषध देतात, आठवड्यातून दोनदा १ मिली. ते घ्या. अंगणवाडीत महिन्याला वजनही करून घ्या. बाटली सोडवताना घरात कुणीही "वाळलं गं पोर" म्हणालं की वहीतला आकडा दाखवता येतो.

एक जेवण वीस-तीस मिनिटांत आटपा. मान फिरवली, ताटली ढकलली, अन्न खेळायला लागलं, की उचला. पुढच्या वेळेपर्यंत बिस्किट नाही, दूध नाही. निम्मं अन्न जमिनीवर जाईल. धाकटीच्या पाटाखालची फरशी मी दिवसातून तीनदा पुसत होते. भरवायला जितका वेळ लागायचा तितकाच पुसायला लागला, वर मिळालं काही नाही असं पहिले दोन महिने वाटत राहिलं.

घास अडकू नये म्हणून

आपला जिल्हा या बाबतीत जरा धोक्याचाच. आमचं सासर तासगाव भागातलं. फेब्रुवारी ते एप्रिल घरात द्राक्षांच्या पेट्या, मग बेदाणे. संध्याकाळी भडंग, त्यात शेंगदाणे. हंगामात उसाच्या कांड्या. पाहुणे प्रेमानं मुलाच्या मुठीत कोंबतात, आणि यातली प्रत्येक गोष्ट लहान मुलाच्या श्वासनलिकेत बसेल अशाच मापाची.

द्राक्ष उभं चिरून चार फोडी. आडवं चिरलेलं गोलच राहतं. बेदाणा भिजवून, कुस्करून. अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि भडंग पाच वर्षांपर्यंत नको. पण शेंगदाण्याचं बारीक कूट सहा महिन्यांनंतर खिचडीत, पेजेत घालून द्यायला हरकत नाही, उलट लवकर ओळख झालेली बरी. बाळाला खूप इसब असेल किंवा आधी कशाची ॲलर्जी आली असेल तर तेवढं डॉक्टरांना विचारून. ऊस नको, कच्चं गाजर नको, सफरचंद वाफवून. आणि महाबळेश्वरहून कुणी मध आणला तर तो वर्षाच्या आतल्या बाळाला बोटभरसुद्धा नाही, गुटीतूनही नाही. मधातल्या जिवाणूंमुळं तान्ह्या बाळाला दुर्मीळ पण गंभीर विषबाधा होऊ शकते.

खाताना मूल बसलेलंच हवं. रांगताना, पळताना, गाडीवर पुढं उभं असताना घास नाही.

ठसका आणि अडकणं यातला फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा. आवाज येतोय, मूल खोकतंय, चेहरा लाल आहे, ओकारी काढतंय, तर त्याचं तो बाहेर काढतोय. थांबा, बघत राहा, पाठीत धपाटे नकोत. आवाजच नाही, रडता येत नाही, ओठ निळे पडतायत, तर अडकलंय. वर्षाच्या आतलं बाळ आपल्या हातावर पालथं, डोकं खाली, खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेनं पाच ठोके. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, पाच दाब. आलटून पालटून, निघेपर्यंत. वर्षाच्या पुढच्या मुलाला पाठीत पाच ठोके, मग मागून कवळून बेंबीच्या वर पोटात आत-वर पाच झटके. घशात आंधळेपणानं बोट घालू नका, घास आणखी खाली जातो. दुसऱ्या कुणाला तरी लगेच १०८ लावायला सांगा. बेशुद्ध पडलं तर छाती दाबणं आणि श्वास देणं सुरू करावं लागतं. हे कागदावर वाचून जमत नाही, जवळच्या दवाखान्यात किंवा शिबिरात एकदा हातानं करून बघा.

नोकरी, पाळणाघर, आजी

२०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची रजा मिळते. बाळंतपणाआधीच त्यातली काही खर्ची पडली तर कामावर परतताना बाळ सहा महिन्यांचंही नसतं. त्या वेळी सगळे सांगतात, आतापासून बाटलीची सवय लाव. गरज नाही. काढलेलं दूध लगेच फ्रिजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवायचं. देताना वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करायचं आणि बोंडल्यानं किंवा चमच्यानं पाजायचं. मी रजा संपायच्या पंधरा दिवस आधीपासून आत्यांना हे करायला दिलं आणि स्वतः घराबाहेर गेले. मी घरात असेपर्यंत धाकटी वाटीला तोंड लावत नव्हती.

पाळणाघरात मात्र स्पष्ट बोला. चार मुलं एका बाईकडे असली की बाटली तिला सोयीची, हे समजण्यासारखं आहे. तिला फुलपात्र, दोन लाळेरी आणि एक जादा झबलं द्या, आणि सांडल्याबद्दल तक्रार करणार नाही असं आधीच सांगा. आम्हाला एक पाळणाघर याच कारणानं बदलावं लागलं. आम्ही बाटली दिली नाही म्हणून तिथल्या बाईंनी स्वतःची ठेवली होती.

डॉक्टरांकडे केव्हा

प्रत्येक घोटाला ठसका लागतो, दूध नाकातून येतं, प्यायल्यावर आवाज घरघरीत होतो; दहा महिन्यांनंतरही जरासा दाटसर घास आला की उलटी होते; दोन महिने वजनाचा काटा हलत नाही; लघवी एकदम कमी झाली. यातलं काहीही असेल तर फुलपात्राचे प्रयोग बाजूला ठेवा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बाळ कमी दिवसांचं असेल तर वय त्या हिशेबानं मोजा. पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दातांच्या डॉक्टरांनाही दाखवा, किडायची वाट न बघता.

बाटल्यांचं काय करायचं

'असू दे एखादी अडीअडचणीला' म्हणून ठेवलेली बाटली मध्यरात्री दोन वाजता सापडतेच. शेवटची रात्र पार पडली की चौथ्या दिवशी सगळ्या घराबाहेर काढा. दुसऱ्या बाळासाठी कुणाला देऊही नका. वापरून चरे पडलेली बाटली आणि चावलेलं बूच साफ होत नाही. मूल मोठं असेल तर त्याच्या हातानं पिशवीत भरून घ्या. आमच्या मोठ्यानं स्वतः नेऊन भंगारवाल्याला दिल्या आणि बदल्यात काय मिळणार म्हणून त्याच्याशी घासाघीस केली.

बाटली धुवायचा लांब ब्रश तेवढा ठेवा. आमच्या आजोबांच्या थर्मासला तो बरोबर बसतो.